वीज थांबली, तपासणी चालूच!

गेले काही महिने आमच्या घरी जेवताना एकच विषय असतो आणि तो दर वेळी मीच काढते. मुलं पानावर बसतानाच बजावतात, "आई, आज अट क्रमांक नको." नवरा मान डोलावतो, पण त्याचं सगळं लक्ष भाजीत असतं हे मला कळतं. तरी मला राहवत नाही! कारण गोष्टच तशी आहे. एक अणुवीज केंद्र आहे. त्यानं वीज करणं थांबवून तीसहून जास्त वर्षं झाली. आत इंधनाची एक कांडीसुद्धा उरलेली नाही. टर्बाइनची इमारत कधीच पाडून झाली. आणि तरीही तिथे आजसुद्धा सरकारी नियामकाचा निरीक्षक येतो, नोंदवह्या मागवतो, क्रेन शेवटची कधी तपासली ते बघतो, एखाद्या कामगाराला हे काम कोणी शिकवलं आणि कधी शिकवलं ते विचारतो, आणि काही खटकलं तर काम थांबवू शकतो. बंद केंद्रातलं काम बंद पाडण्याचा अधिकार! हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

हे केंद्र म्हणजे बार्कली. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या रुंद खाडीकाठी. आम्ही इथून जवळच राहतो. बार्कली गाव लहानसं, तिथे एक जुना किल्ला आणि एडवर्ड जेन्नरचं घर. हो, तोच जेन्नर, ज्यानं १७९६ साली इथेच देवीची लस टोचून पाहिली आणि जी लस १८०२ मध्ये मुंबईला पोचली. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना जेन्नरचं घर दाखवायचो, मग नदीकाठी न्यायचो, आणि तिथे उभ्या असलेल्या दोन थोराड चौकोनी इमारती फोटोत येऊ नयेत अशा बेतानं उभं राहायचो. माझं माहेर बोईसरचं. तारापूरचं केंद्र हाकेच्या अंतरावर, वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील तिथे कामाला. त्यामुळे अणुवीज केंद्राचं मला ना नवल होतं ना भीती. वीज करणारं केंद्र मला माहीत होतं. वीज करणं थांबवल्यानंतर त्याचं काय होतं, हा प्रश्न मात्र डोक्यात कधी आलाच नव्हता.

तो आला शेजारच्या बाईंमुळे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि गावातली एकही जाहीर सभा चुकवत नाहीत. इथल्या प्रत्येक अणुकेंद्राची एक स्थानिक समिती असते. तिच्या सभेला केंद्राचे अधिकारी येतात, आसपासच्या गावांचे निवडून आलेले सदस्य येतात, पर्यावरण खात्याची माणसं येतात, आणि 'ऑफिस फॉर न्यूक्लिअर रेग्युलेशन' म्हणजे ओएनआर या नियामक संस्थेचा अहवाल सभेपुढे ठेवला जातो. कोणीही जाऊन मागे बसावं. मी बसले. चहा-बिस्किटांच्या आशेनं गेले होते म्हटलं तरी चालेल. आणि अहवालाची पानं हातात आल्यावर चहाचं भानच राहिलं नाही!

काय असतं त्या पानांत? गुप्त काही नाही, थरारक तर मुळीच नाही. या काळात निरीक्षकांनी कोणकोणत्या अटींची तपासणी केली. कामगारांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था कशी आढळली. देखभालीचं वेळापत्रक पाळलं जातंय का. किरणोत्सारी कचऱ्याचा साठा कसा ठेवलाय. आग लागली तर काय, याची तालीम झाली का. प्रत्येक तपासणीला एक रंग: हिरवा म्हणजे ठीक, पिवळसर नारिंगी म्हणजे सुधारणा करा, लाल म्हणजे सुधारणा केल्याशिवाय सुटका नाही. भाषा इतकी कोरडी की तहसील कचेरीतला कागदही त्यापुढे रसाळ वाटावा. पण मी वाचत गेले आणि एकेका कोरड्या ओळीमागे एकेक गोष्ट उलगडत गेली.

पहिली गोष्ट परवान्याची. ब्रिटनमध्ये अणुकेंद्राच्या जागेला परवाना मिळतो तो १९६५ च्या न्यूक्लिअर इन्स्टॉलेशन्स कायद्याखाली, आणि त्या परवान्याला ३६ अटी जोडलेल्या असतात. चालू केंद्र असो, बांधकामातलं असो की मोडीत निघालेलं असो, अटी त्याच ३६! मी त्या एका बैठकीत वाचून काढल्या. काही अगदी साध्या. दुसरी अट म्हणते जागेची हद्द नीट आखा आणि कुंपण घाला. आठवी म्हणते धोक्याच्या पाट्या लावा. दहावी प्रशिक्षणाची, अकरावी आणीबाणीच्या तयारीची. बारावी सांगते की सुरक्षेशी संबंधित काम फक्त पात्र आणि अनुभवी माणसानंच करायचं. अठ्ठाविसावी माझी लाडकी: यंत्रं तपासा, चाचणी घ्या, देखभाल करा आणि या सगळ्याचं लेखी वेळापत्रक ठेवा. बत्तिसावी म्हणते कचरा साठू देऊ नका, जमेल तितका कमी ठेवा. चौतिसावी गळतीची. आणि पस्तिसावी, जिच्यामुळे मुलांनी 'अट क्रमांक नको' असा फतवा काढला, ती डीकमिशनिंगची म्हणजे केंद्र मोडीत काढण्याची.

तर ऐका! पस्तिसाव्या अटीनुसार सुरक्षेसाठी गरज वाटली तर नियामक मालकाला हुकूम करू शकतो की मोडायला सुरुवात करा. आणि तोच नियामक हेही सांगू शकतो की मोडणं थांबवा. दोन्ही अधिकार एकाच अटीत! म्हणजे केंद्र बंद करून, दाराला कुलूप लावून, 'बघू पुढे कधीतरी' म्हणत हात झटकता येत नाहीत. आणि घाईघाईनं हातोडे घेऊन आत घुसताही येत नाही. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शेजारच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं म्हणून थांबले.

पण मग साहजिक प्रश्न पडला. इंधन गेलं, वीज गेली, आता आत घाबरण्यासारखं आहे तरी काय?

बार्कलीच्या दोन अणुभट्ट्या १९६२ मध्ये वीज देऊ लागल्या आणि १९८९ मध्ये केंद्र कायमचं थांबलं. ब्रिटनमधलं मोडीत निघणारं हे पहिलं व्यावसायिक अणुवीज केंद्र. १९९२ पर्यंत सगळं इंधन काढून सेलाफील्डच्या अणुसंकुलात गेलं आणि त्याबरोबर केंद्रातली ९९ टक्क्यांहून जास्त किरणोत्सारिता गेली. उरला तो एक टक्क्याहून कमी भाग. पण तो कुठे उरलाय ते बघा. भट्टीच्या पोलादी कवचात, आतल्या ग्रॅफाइटच्या गाभ्यात, आणि जमिनीखाली बांधलेल्या काँक्रीटच्या कोठारांत. या जातीच्या भट्ट्यांना मॅग्नॉक्स म्हणतात, कारण त्यांच्या युरेनियमच्या कांड्यांवर त्या नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आवरण असायचं. वापरलेल्या कांड्या पाठवण्याआधी आवरणावरचे पंख आणि इतर सुटे भाग काढून टाकायचे आणि कोठारात साठवायचे. वर्षानुवर्षं. शिवाय मॅग्नेशियमला पाणी लागलं की ते गंजतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणजे कोठारात ओल नको, वायू कोंडायला नको. १९५७ साली बार्कलीचा पाया खणला जात होता तेव्हा लोकांना घाई होती ती वीज करण्याची. हा माल एक दिवस परत वर काढावा लागेल, याचा हिशेब फारसा कोणी केला नव्हता. आता तो दुरून चालवायच्या यांत्रिक हातांनी उपसतात, जाड पेट्यांत भरतात आणि त्यासाठी बांधलेल्या खास इमारतीत ठेवतात. उपसण्याची पद्धत, पेटी, इमारत, प्रत्येकामागे सुरक्षेचं लेखी समर्थन, आणि ते समर्थन वाचून प्रश्न काढणारी नियामकाची माणसं!

आणि भट्ट्या स्वतः? त्या २०१० मध्ये बंदिस्त करून ठेवल्या गेल्या. का, याचं उत्तर कोबाल्टच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब मी आमच्या धाकट्याच्या गणिताच्या वहीत मांडला. पोलादात तयार झालेल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी ते निम्मं होतं. दहा वेळा निम्मं केलं की सुमारे ५३ वर्षं होतात आणि हजारातला एकच भाग उरतो! नुसतं थांबून, काहीही न करता, उद्या आत जाणाऱ्या कामगाराला कोबाल्टपासून होणारा धोका हजार पटींनी उतरतो. म्हणूनच मॅग्नॉक्स केंद्रांसाठी ब्रिटनचा जुना बेत असा होता की बंद झाल्यावर साधारण ८५ वर्षं थांबायचं आणि मग शेवटचं पाडकाम करायचं. ग्रॅफाइटमधल्या कार्बन-१४ ला मात्र या थांबण्यानं काहीच फरक पडत नाही, त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. आणि थांबायचं म्हटलं की इमारतीचंही वय वाढतं, छप्पर जुनं होतं, पोलाद गंजतं, काम माहीत असलेली माणसं निवृत्त होतात. म्हणून २०२० पासून विचार बदलला. सरसकट सगळीकडे थांबण्याऐवजी जागा बघून ठरवायचं, आणि भट्टी पाडण्याचा पहिला धडा वेल्समधल्या ट्राउसव्हनिथ इथे गिरवायचा. हे केंद्र १९९१ मध्ये थांबलं. डोंगरांत, तळ्याकाठी वसलेलं, बेसिल स्पेन्स या नामवंत वास्तुरचनाकारानं आखलेलं!

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही, हे मला इंग्लंडच्या कुठल्याही कायद्यापेक्षा कोकणातल्या बंद घरानं आधी शिकवलंय. माणसं मुंबईला गेली, घराला कुलूप लागलं, की पहिल्या पावसाळ्यात कौल सरकतं, दुसऱ्या पावसाळ्यात वासा भिजतो, आणि तिसऱ्या वर्षी कोणी येऊन पाहतो तर ओटीवर वाळवी. राहत्या घरात गळती त्याच रात्री कळते. बंद घराला मात्र ठरवून, तारीख लावून बघणारा माणूस लागतो. अठ्ठाविसाव्या अटीतलं वेळापत्रक म्हणजे नेमका हा माणूस.

आणि हे वेळापत्रक नसलं किंवा अपुरं पडलं तर काय होतं, याच्या दोन खऱ्या गोष्टी मला सापडल्या.

पहिली साइझवेलची, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची. तिथल्या 'अ' केंद्रानं ३१ डिसेंबर २००६ ला वीज करणं थांबवलं. सगळ्यांनी हुश्श केलं असेल. आणि बरोबर आठवड्यानं, ७ जानेवारी २००७ ला, रविवारी, वापरलेलं इंधन ज्या तलावात बुडवून थंड ठेवतात त्याचा एक नळ फुटला. सुमारे ४० हजार गॅलन पाणी, म्हणजे अंदाजे १ लाख ८० हजार लिटर, वाहून गेलं. पातळी खाली गेल्याची सूचना देणारी यंत्रणा वेळेवर कामी आली नाही. गळती लक्षात आली ती केंद्राच्या धुलाईघरात कपडे धुणाऱ्या एका कंत्राटी कामगाराच्या! त्याला जमिनीवर पाणी दिसलं आणि त्यानं ते सांगितलं. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वीज थांबून सातच दिवस झाले होते, पण तलावातल्या इंधनाला ते माहीत नव्हतं. त्याला पाणी लागतच होतं.

दुसरी ब्रॅडवेलची, एसेक्सची. तिथे सांडपाणी साठवणाऱ्या एका हौदातून १९९० ते २००४ अशी १४ वर्षं किरणोत्सारी पाणी झिरपत होतं. केंद्र २००२ मध्ये बंद झालं, म्हणजे झिरपणं चालू केंद्रात सुरू झालं आणि बंद केंद्रात सापडलं. खटला झाला, आणि २००९ मध्ये चेम्सफर्डच्या न्यायालयानं कंपनीला अडीच लाख पौंड दंड केला. रचना सदोष होती आणि त्या हौदाची नियमित तपासणी व देखभाल होतच नव्हती. एक हौद. कोणाच्याच यादीत नसलेला. तेव्हापासून मला यादी या वस्तूबद्दल विलक्षण आदर वाटू लागलाय! आणि हेच ब्रॅडवेल पुढे २०१८ मध्ये सगळी कामं उरकून 'देखभाल आणि प्रतीक्षा' या टप्प्यात गेलेलं ब्रिटनमधलं पहिलं मॅग्नॉक्स केंद्र ठरलं. दोन्ही गोष्टी एकाच जागेच्या. नियामकानं मान डोलावली तेव्हाच कुठे माणसं बाहेर पडली.

आता या नियामकाबद्दल सांगते. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली. त्यानंतर १९५९ मध्ये परवान्याचा कायदा झाला आणि १९६० मध्ये अणुनिरीक्षकांचं स्वतंत्र पथक उभं राहिलं. आजची ओएनआर त्याच पथकाची वारस. २०११ मध्ये तिला वेगळं रूप मिळालं, २०१४ मध्ये ती कायद्यानं स्वतंत्र झाली. मुख्य कचेरी लिव्हरपूलजवळच्या बूटलला. आणि सगळ्यात गंमत पैशांची! तपासणीचा खर्च मुख्यतः ज्याची तपासणी होते त्याच्याचकडून वसूल होतो. बार्कलीसारखी जुनी केंद्रं आता सरकारच्या न्यूक्लिअर डीकमिशनिंग ऑथॉरिटीच्या ताब्यात आहेत, म्हणजे शेवटी तो पैसा इथल्या करदात्यांचा, त्यात आमचाही. निरीक्षकानं क्रेनचा दाखला मागितला तर तो माझ्याही पैशानं मागतोय! तेव्हापासून कर भरताना मी थोडी कमी कुरकुरते.

निरीक्षक काय बघतो याचा एक कळीचा नियम आहे आणि तो चक्क कोळशाच्या खाणीतून आलाय. वेल्समधल्या एका खाणीत भुयारी वाट ढासळून एडवर्ड्स नावाचा खाणकामगार मेला. कोळसा मंडळाचं म्हणणं असं की प्रत्येक वाटेला टेकू देणं परवडणारं नाही. १९४९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की एका पारड्यात धोका ठेवा आणि दुसऱ्या पारड्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि खटाटोप ठेवा. खटाटोप धोक्याच्या मानानं अतोनात जास्त असेल तरच तो टाळायची मुभा. नाहीतर करावाच लागेल. मंडळ हरलं. 'एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड' हा निकाल पुढे ब्रिटनच्या सगळ्या औद्योगिक सुरक्षेचा कणा झाला. आज बार्कलीच्या कोठारातून कचरा उपसताना माणूस पाठवायचा की यंत्र, भिंत आज पाडायची की दहा वर्षांनी, असे प्रश्न जेव्हा निघतात, तेव्हा त्या खाणकामगाराच्या खटल्यातली तीच तुला वापरली जाते. कोळशाच्या भुयारातून अणुभट्टीत! इतिहासाच्या तासाला हे का नाही शिकवत?

आणि या तुलेमुळेच निरीक्षकाची नजर फक्त किरणोत्सारावर राहत नाही. मोडणाऱ्या केंद्रात माणसाला इजा होण्याची शक्यता बऱ्याचदा अगदी ओळखीच्या गोष्टींतून असते. उंचीवरून पडणं, जड ओझं उचलताना दोर सटकणं, जुन्या इमारतींतलं अॅस्बेस्टॉस, बंद खोलीतली हवा. स्कॉटलंडमधल्या चॅपलक्रॉस केंद्रात तर अॅस्बेस्टॉस काढणं हेच एक प्रचंड मोठं काम होतं. म्हणून सुरक्षित भट्टी बघायला आलेला निरीक्षक शिडी कशी बांधलीय हेही बघतो. आणि कुंपणाबाहेरचं काम पर्यावरण खात्याचं. नदीत काय सोडलं जातं त्याला त्यांची वेगळी परवानगी लागते, आणि आसपासचे मासे, कोळंबी, समुद्रशेवाळ, दूध यांचे नमुने दर वर्षी तपासून देशभराचा एक जाडजूड अहवाल निघतो. मी तोही चाळला. रात्री एक वाजेपर्यंत. माशांचे आकडे वाचत!

पण बार्कलीची माझी सगळ्यात आवडती गोष्ट बॉयलरांची. भट्टीची उष्णता घेऊन वाफ करणारी ही प्रचंड पोलादी नळकांडी, प्रत्येकी सुमारे ३१० टन, लांबी २१ मीटरच्या आसपास. केंद्र बंद झाल्यावर ते आडवे करून आवारातच ठेवलेले होते. वर्षानुवर्षं ते तसेच पडून. मग ठरलं, हे स्वीडनला पाठवायचे. २०१२ च्या मार्चमध्ये पहिले पाच निघाले, आणि उरलेले दहा २०१३ मध्ये. महाकाय ट्रेलरवर चढवून, बार्कली गावाच्या अरुंद रस्त्यांतून, माणूस चालतो त्याहून हळू, शार्पनेसच्या धक्क्यापर्यंत, आणि तिथून समुद्रमार्गे स्वीडनमधल्या स्टुड्स्विकच्या कारखान्यात. तिथे त्यांचे तुकडे केले, पृष्ठभाग साफ केला, पोलाद वितळवलं, आणि त्यातला बहुतेक धातू पुन्हा वापरात गेला. जो थोडा किरणोत्सारी गाळ उरला तेवढाच परत ब्रिटनला आला. शेजारच्या बाईंनी ही मिरवणूक स्वतःच्या दारातून पाहिलीय! त्या सांगत होत्या आणि मला हेवा वाटत होता. आम्ही तेव्हा इथे राहायला आलो नव्हतो, याचं दुःख मला आयुष्यभर राहील. विचार करा, जुन्या अणुकेंद्राचं पोलाद आज कुठे कोणत्या वस्तूत असेल!

एवढ्या लांबच्या कामात माणसं बदलणार, कंपन्या बदलणार, नावं बदलणार. बार्कली चालवणाऱ्या कंपनीचं नाव मॅग्नॉक्स होतं, ते २०२४ मध्ये न्यूक्लिअर रिस्टोरेशन सर्व्हिसेस झालं. मग १९६८ मध्ये कोणत्या कोठारात काय टाकलं ते २०६८ मध्ये कोण सांगणार? यासाठी सहावी अट आहे, कागदांची. नोंदी करा आणि त्या साधारणपणे ३० वर्षं किंवा नियामक मान्य करेल तितका काळ जपा. आणि या कागदांसाठी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक नावाच्या गावात, २०१७ मध्ये एक अख्खं दफ्तरखाना-भवन उघडलं. 'न्यूक्लिअस' त्याचं नाव. देशभरातल्या जुन्या अणुकेंद्रांचे नकाशे, वह्या, छायाचित्रं तिथे यायला लागली. मला तिथे जायचंय. मुलांना सुट्टीत समुद्रकिनाऱ्याला न्यायचं कबूल केलंय आणि विक समुद्रकिनाऱ्यावरच आहे, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

मग हे सगळं संपतं कधी? परवाना कधी सुटतो? मला वाटलं इमारत पाडली, माती सपाट केली, की संपलं. छे! कायद्याची मूळ कसोटी अशी की त्या जागेवरच्या कोणत्याही गोष्टीपासून किरणोत्साराचा धोका उरलेला नाही, हे नियामकाला पटलं पाहिजे. धोका नाही म्हणजे किती नाही? त्यालाही आकडा आहे: त्या जागेमुळे एखाद्या माणसाच्या मृत्यूची शक्यता वर्षाला दहा लाखांत एकापेक्षा जास्त वाढता कामा नये. शेजारच्याच ओल्डबरी केंद्राच्या जागेचा काही भाग २०१२ मध्ये असा परवान्यातून मोकळा झाला. परवाना सुटेपर्यंत मालक बांधील. वीज विकून पैसे मिळणं थांबलं म्हणून जबाबदारी एका इंचानंही आकसत नाही. उलट वीज थांबल्यावर त्या जागेकडे कोणाचं लक्ष राहत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही, आणि नेमकी तेव्हाच कोणीतरी ठरवून लक्ष द्यायची गरज सगळ्यात जास्त असते. ही गरज कोणाच्या चांगुलपणावर न सोडता कायद्यात, यादीत, तारखेत आणि बिलात बांधून टाकलीय. मला भुरळ पडलीय ती याची.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. बोईसरला. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात व्यावसायिक वीज देऊ लागल्या, तेव्हा बाबा शाळकरी होते.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे अणुविजेच्या दरात युनिटमागे काही रक्कम केंद्र मोडण्याच्या निधीसाठी धरतात?"

"कधीपासून?"

"१९८८ पासून."

"अगं, मग बोललं का नाही कोणी?"

आता बाबाही पेटलेत! मी त्यांना सांगितलं की आपल्याकडची नियामक संस्था, अणुऊर्जा नियामक मंडळ, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झाली. तिची कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला, बोईसरहून लोकलनं जाण्यासारखी. केंद्राची जागा निवडण्यापासून ते मोडण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला तिची संमती लागते, मोडणं हा त्यातला शेवटचा टप्पा. ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन भट्टी १९६० पासून चालून ३१ डिसेंबर २०१० ला कायमची थांबली, म्हणजे थांबलेली भट्टी मुंबईकरांच्या शेजारीही आहे. बाबांनी वही घेतली आणि प्रश्न लिहायला लागले. थांबलेल्या भट्टीचं छप्पर कोण तपासतं आणि किती महिन्यांनी? जुने नकाशे कुठे ठेवतात? साठवलेल्या कचऱ्याची यादी कोण जुळवून बघतं? गावकऱ्यांना अहवाल कुठे वाचायला मिळतो? पाचवा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला: निधी जमतोय तर त्याचा हिशेब कोण मागतं?

तुमच्याही गावाजवळ काही बंद पडलेलं असेल. अणुकेंद्रच हवं असं नाही, रसायनांचा कारखाना असेल, खाण असेल. जा आणि विचारा, इथे आता तपासणीला कोण येतं? उत्तर मिळालं तर अहवाल मागा. कोरडा असेल, हरकत नाही, वाचायला घ्या. बार्कलीची पुढची सभा लवकरच आहे. शेजारच्या बाईंनी माझ्यासाठी पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेवायचं कबूल केलंय, आणि माझा पहिला प्रश्न त्या क्रेनबद्दल आहे!